कंटाळवाणा वेगळा, बिघडलेला वेगळा

काका, आम्ही हसत हसत बघतो त्या वाईट सिनेमांबद्दलचं ‘असले सिनेमे बघण्यापेक्षा माणसानं झोप काढावी’ हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. नुसता कंटाळवाणा सिनेमा वेगळा आणि जीव ओतून केलेला, तरी बिघडलेला वेगळा. पहिल्यावर झोप हाच इलाज, मान्य.

पण १९९८चा कांति शाह यांचा ‘गुंडा’ घ्या. मिथुन नायक, मुकेश ऋषी ‘बुल्ला’ नावाचा खलनायक, आणि आपले मोहन जोशी चक्क ‘पोते’ नावाचा! एकेक खलनायक समोर येऊन यमक जुळवत स्वतःची ओळख करून देतो, तेही पूर्ण गांभीर्यानं. तिथं ‘आम्ही गंमत करतोय’ म्हणून कुणी डोळा मारत नाही, म्हणूनच मजा येते. हल्ली मुद्दाम वाईट काढलेले सिनेमे येतात, त्यांत हे सुख नाही.

२००२च्या ‘जानी दुश्मन’मध्ये तर इच्छाधारी नागासमोर सनी देओलपासून सोनू निगमपर्यंत सगळी फौज उभी केली आहे. इकडे इंदूरला आत्याकडे भावंडं जमली की हाच लावतो. पुढचा संवाद आधी कोण म्हणतो याची चुरस असते. एकट्यानं बघितला तर निम्मी गंमत जाते.

भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंना मात्र या यादीत घालू नका. दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी सगळं भावाभावांत वाटून थोड्या पैशांत त्यांनी १९८४ला ‘पुराना मंदिर’ केला. त्यातला अनिरुद्ध अग्रवाल यांनी केलेला सामरी हा सैतान आजही भीती घालतो.

शनिवारी याच तुम्ही. सिनेमा संपला की सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाऊ.