लांब धावेनंतरची सर्दी : गोळ्यांआधी झोप आणि आहार

मॅरेथॉनच्या तयारीत दर लांब धावेनंतर सर्दी होते, म्हणून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या सुरू कराव्यात का, या आपल्या प्रश्नाला थोडी भर घालतो. हा अनुभव एकट्या आपला नाही. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के जणांनी आजारी पडल्याचे सांगितले. तशीच तयारी असूनही न धावलेल्यांत हे प्रमाण २.२ टक्के होते.

व्हिटॅमिन सीचा उपयोग मॅरेथॉन धावपटूंसारख्या तीव्र श्रम करणाऱ्यांत दिसला आहे, हे खरे. परंतु रोज मोठी मात्रा घेतल्यास सरावातून स्नायूंत होणारे काही इष्ट बदल मंदावू शकतात, त्यामुळे मी पेरू, आवळा आणि लिंबू यांवरच भर देईन. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपण लिहिल्याप्रमाणे पहाटे उपाशीपोटी दोन-अडीच तास धावणे मला काळजीचे वाटते. रक्तातील साखर खालावली की कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि त्याचा ताण रोगप्रतिकारक पेशींवर पडतो. म्हणून निघण्यापूर्वी केळे खावे आणि धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके मिळतील, अशी सोय ठेवावी. खजूर किंवा गूळ-लिंबाचे सरबतही चालते.

झोपेत मात्र तडजोड नको. सर्दीचा विषाणू नाकात सोडून केलेल्या प्रयोगात सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता जवळपास तिप्पट आढळली होती.

ताप किंवा अंगदुखी असताना कृपया धावू नका, कारण विषाणुसंसर्गात हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याचा धोका असतो.