रोलरकोस्टर : नेमका अर्थ आणि वापर

प्रश्न, देवगडहून : ‘हापूसच्या दराचा रोलरकोस्टर’ असा मथळा द्यायचा आहे. शब्द बसतो का? मराठी प्रतिशब्द कोणता? आणि तो रोलरकोस्टर की ती?

रत्नागिरीहून : आधी वस्तू बघू, मग मथळा. पारंपरिक रोलरकोस्टरच्या डब्यांना इंजिन नसतं. साखळी गाडीला पहिल्या, सगळ्यांत उंच चढावर ओढून नेते. चढताना खालून येणारा ‘खट् खट्’ आवाज असतो तो खिट्टीचा. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ती दात्यादात्यात अडकत जाते. माथ्यावर साखळी सुटली की पुढचा सगळा खेळ गुरुत्वाकर्षणाचा. घर्षण सोडलं तर 30 मीटर खाली आलेल्या गाडीचा वेग ताशी 87 किलोमीटरच्या घरात जातो. पण चाकं घासतात, वारा अडवतो, त्यामुळे पुढचा कुठलाही चढ पहिल्याइतका उंच ठेवता येत नाही. ठेवला तर गाडी माथ्याच्या अलीकडेच अडेल. चाकं तीन जागी असतात : रुळावर भार घेणारी, बाजूने धरणारी आणि रुळाच्या पोटाखालची. पोटाखालची नसतील तर टेकाडावरून वेगात जाताना गाडी रूळ सोडून उचलली जाईल. जत्रेतली ड्रॅगन गाडी मोटरवर फिरते, त्यामुळे ती दिसायला तशी असली तरी खरा रोलरकोस्टर नव्हे.

आता आंबा. मोसमाच्या सुरुवातीला पेट्या थोड्या, दर चढा. मे महिन्यात आवक वाढते तसा तो उतरत जातो. हा एकच लांब उतार झाला. मथळ्यात सरळ ‘हापूसचे दर उतरले’ लिहा. लिलावात सुरमई-पापलेटचा दर आवकीप्रमाणे रोज खालीवर होतो, तिथे हा शब्द चालेल. मला तिथेही ‘चढउतार’च बरा वाटतो.

वेंगुर्ल्याहून : एक घोळ आपल्याकडे हमखास होतो. बंदरात ‘कोस्टर’ म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणारं छोटं जहाज. इथे मात्र ‘कोस्ट’ म्हणजे किनारा नव्हे, तर जोर न लावता उतारावरून घरंगळत जाणं. दोन्हींचं मूळ लॅटिन ‘कोस्टा’, म्हणजे बरगडी, कूस. डोंगराची कूस आपणही म्हणतोच की! रशियात बर्फाच्या उंच घसरगुंड्या होत्या, म्हणून फ्रेंच लोक या खेळाला ‘रशियन डोंगर’ म्हणतात. रशियन मात्र ‘अमेरिकन टेकड्या’. अमेरिकेत कोनी आयलंडला 1884 साली सुरू झालेली गाडी ताशी जेमतेम 10 किलोमीटरने धावायची.

प्रतिशब्दाचं म्हणाल तर वस्तूला रोलरकोस्टरच म्हणावं. आकाशपाळणा गोल फिरतो, घसरगुंडी नुसती खाली नेते. लाक्षणिक अर्थाला ‘हेलकावे’, ‘हिंदोळे’ आहेत, पण त्यांची लय संथ. ‘भरती-ओहोटी’ही नको : दोन भरत्यांत साधारण 12 तास 25 मिनिटं, सगळं आधीच ठाऊक. रोलरकोस्टरमध्ये झपाटा हवा आणि बसलेल्याच्या हाती ब्रेक नको. ‘मतमोजणीचा दिवस उमेदवारांसाठी रोलरकोस्टर ठरला’ हे वाक्य चपखल. फेरीगणिक आघाडी पालटते आणि त्यांना नुसतं बघत राहावं लागतं.

रत्नागिरीहून : लिंगाचं राहिलं. तो रोलरकोस्टर, अनेकवचनातही ते रोलरकोस्टर. पुढे ‘राईड’ जोडली की ती. ‘भावनांची रोलरकोस्टर’ असं छापून येतं ते राईड गाळल्यामुळे. तिथे ‘भावनांचा’ करा.