ठाणे खाडीमागची तळी अभयारण्यात घ्यावीत की नाही?

गोदाकाठ (नाशिक रोड)
ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली झालं, २०२२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं. तरी ते अर्धंच राखलंय, असं माझं ठाम मत आहे. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, खाडीत चरतात. भरती चढली की थवे उठतात आणि नवी मुंबईतल्या नेरुळ-सीवूड्सकडच्या उथळ तळ्यांवर येऊन थांबतात. ही तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे भराव पडला किंवा भरतीचं पाणी आत यायची वाट बुजली, तर पक्ष्यांनी पाणी ओसरेपर्यंत उभं राहायचं कुठे? नेरुळच्या डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला, त्याचा आनंद आहे. पण एका तळ्यावर भागणार नाही. बाकीची तळीही अभयारण्यात घ्या, ही मागणी निफाडजवळच्या आपल्या नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात पक्षी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने लावून धरावी.

द्राक्षबाग (निफाड)
ताई, हद्द वाढवा म्हणणं सोपं आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या हद्दीच्या आत राहतो आम्ही, १९८६ साली अभयारण्य झालं तेव्हापासून. रामसरचं क्षेत्र १,४३७ हेक्टर, पण अभयारण्य शंभर चौरस किलोमीटरच्या, म्हणजे दहा हजार हेक्टरच्या आसपास. त्यात आमची गावं, मळे, विहिरी सगळं आलं. बंधारा गाळाने भरलाय. वरून गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की सायखेडा, चांदोरीत पाणी शिरतं. गाळ काढा म्हटलं की पक्ष्यांचं नाव पुढे येतं. हिवाळ्यात क्रौंच पक्षी हरभऱ्यात उतरतात, ते नुकसान कोण मोजतं?

गोदाकाठ
दादा, पुराचं आणि पिकाचं दुखणं खरं आहे. भरपाई मिळालीच पाहिजे, त्यात माझं दुमत नाही. पण त्याच गाळाने गोदावरी-कादवेच्या संगमावर उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, म्हणून थापट्या, तलवार बदक, चक्रवाक तिथे उतरतात. सरसकट उपसा केला तर खोल पाणी उरेल, आणि ही बदकं खोल पाण्यात चरत नाहीत. प्रवाहाच्या मुख्य धारेतला गाळ काढा, बेटं सोडा.

सिन्नरकर (सध्या ऐरोली)
मी विरोधात. नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून जवळपास चाळीस रोहित मेले, हे विसरलात का? विमानांच्या वाटेवर तळी राखून पक्षी गोळा करायचे, हा पक्ष्यांवरही अन्याय आणि माणसांवरही. त्यांना खाडीच्या उत्तरेकडे जाऊ द्या.

गोदाकाठ
जाऊ द्या म्हणजे कुठे? रोहित ठरवून दिलेल्या जागी जात नाहीत. जमिनीवर उतरलेल्या थव्यापासून विमानाला धोका नसतो, हवेत भिरभिरणाऱ्यापासून असतो. बसायची जागा काढून घेतली की पक्षी नवी जागा शोधत जास्त उडणार. विमानतळ आहे म्हणूनच या तळ्यांचं पाणी आणि शांतता जास्त जपायला हवी.

पाणथळ (सातपूर)
एक कायद्याची बाजू कुणीच मांडली नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत सिंचनासाठी आणि मिठासाठी मुद्दाम बांधलेल्या जागा येत नाहीत. म्हणजे मिठागरं बाहेर आणि आपल्याकडचे पाझर तलावही बाहेर. नांदूरमध्यमेश्वर हाही सिंचनाचाच बंधारा. त्याला अभयारण्याचं कवच आधीपासून होतं आणि २०२० मध्ये जाहीर झालेलं रामसरचं. बाकीच्यांना काय? पक्ष्याला बांधलेलं पाणी आणि आपोआप साचलेलं पाणी यात फरक दिसत नाही. हद्दीवरून भांडण्याआधी ही व्याख्या बदलायला हवी, असं मला वाटतं.

सिन्नरकर
व्याख्या वाढली की प्रत्येक शेततळ्यावर वनखात्याचा माणूस येईल. हे चालेल का निफाडकरांना?

द्राक्षबाग
शेततळ्याला हात लावला तर आम्ही रस्त्यावर उतरू, हे आत्ताच सांगतो. पण खाडीमागच्या तळ्यांवर कुणाचं पीक उभं नाही, कुणाची विहीर नाही. तिथे हद्द वाढवायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो गावाला न विचारता नकाशावर रेघ ओढण्याला.

गोदाकाठ
मग आपण सरकारला निवेदन देऊ आणि त्यात दोन्ही लिहू. नेरुळची तळी आत घ्या, आणि निफाडमध्ये पिकाची भरपाई व मुख्य धारेतला गाळ यावर ग्रामसभेत चर्चा करून निर्णय घ्या. दादा, क्रौंच किती शेतांत आणि कोणत्या महिन्यात उतरतात, ते तुम्ही लिहून द्याल का?