आचार्य अत्रे आमदार म्हणून कसे होते?

कऱ्हाकाठचा
जाणकारांना एक प्रश्न. अत्रे म्हटलं की आमच्या फॅमिली ग्रुपवर तेच ते चार किस्से फिरतात, हशा, टाळ्या, विषय संपला. पण १९५७ ला ते मुंबईतून आमदार झाले होते हे मला परवा कळलं, लाज वाटली जरा. पेपर चालवणारा, नाटकं लिहिणारा माणूस एकदम निवडणुकीला कसा उभा राहिला? आणि आमदार म्हणून काही केलं का नुसतंच सभागृह हसवलं?

मंडईकर
एकदम नाही हो. तीसच्या दशकातच ते पुण्यात नगरपालिकेत निवडून गेलेले, तेव्हाच्या रे मार्केटला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं ते त्यांच्या खटपटीमुळे. आपण रोज मंडई मंडई करतो आणि हे कुणाच्या डोक्यातही नसतं. म्हणजे ५७ ला आमदार झाले तेव्हा गडी जुनाच होता.

आता तारखा बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला गुजरात-महाराष्ट्र एकत्र बांधलेलं द्वैभाषिक मुंबई राज्य आलं आणि १५ नोव्हेंबरला अत्र्यांचा दैनिक 'मराठा' सुरू झाला. 'नवयुग' होतंच, पण ते साप्ताहिक, संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन रोज पेटलेलं असताना आठवडाभर थांबून कसं चालेल? 'मराठा' तीन आठवड्यांचा होतोय तोच बाबासाहेब गेले, ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर त्या अफाट गर्दीसमोर अत्रे बोलले. त्यांचे नुसते विनोद फॉरवर्ड करणाऱ्यांनी ते भाषण एकदा वाचावं. आमदारकी ही या सगळ्याची शेपटी आहे, सुरुवात नव्हे.

लालबागचा नातू
आजोबा मिलमध्ये होते. चाळीत 'मराठा'ची एकच कॉपी यायची म्हणे, पाळी सुटली की ज्याला वाचता येतं तो जिन्यात बसून अग्रलेख मोठ्याने वाचणार आणि बाकीचे खालच्या पायऱ्यांवर. आजोबा निरक्षर, पण अख्खी वाक्यं पाठ होती त्यांना, त्यातली अर्धी आजी आम्हा पोरांसमोर बोलू द्यायची नाही 😄 संध्याकाळी तोच माणूस शिवाजी पार्कला प्रत्यक्ष ऐकायला मिळणार, मग मत द्यायला वेगळा प्रचार कशाला लागतोय?

सरळसोट
सगळं मान्य, पण आरती पुरे. स्वतःच नेता, स्वतःच संपादक, मग त्या पेपरात आंदोलन चालवणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या चुका कोण छापणार? आणि विरोधकावर टीका करताना अत्रे कमरेखाली मारायचे, यशवंतराव, मोरारजी कोणाला सोडलं नाही. चळवळीत ते खपून गेलं. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि समितीतले समाजवादी, कम्युनिस्ट आपापल्या वाटेला लागले, ६२ ला काँग्रेसने झोडपून काढलं. मोर्चा काढणं वेगळं आणि रोजचा पक्ष चालवणं वेगळं, पक्ष बांधायचा पिंडच नव्हता त्यांचा.

मंडईकर
@सरळसोट पिंडाचं बरोबर आहे. पण ज्या नेहरूंविरुद्ध ५७ च्या नोव्हेंबरात समितीने प्रतापगडाच्या वाटेवर काळी निशाणं धरली, ते ६४ ला गेले तेव्हा याच माणसाने 'सूर्यास्त' लिहिलं. आकस धरून बसणारा असं लिहील का?

सरळसोट
ते लेखक अत्रे. प्रश्न आमदार अत्र्यांचा आहे.

कऱ्हाकाठचा
दोघांनाही धन्यवाद, भांडण चालू ठेवा, मला फायदा होतोय. राज्याचं नाव नुसतं 'महाराष्ट्र'च हवं म्हणून ते सभागृहात भांडले एवढं मिळालं, पण पूर्ण भाषण वाचायचंय. विधिमंडळाच्या लायब्ररीत बाहेरच्या माणसाला जुनी कामकाजाची पुस्तकं बघू देतात का? कुणी गेलंय?

लालबागचा नातू
मी नाही गेलो, पण तुम्ही जाणार असाल तर सांगा, येतो. डबा घेऊन येऊ, दिवस जाणार त्यात.