वाढदिवस घरातच, औक्षणावर भागवला तर काय कमी पडतं?

शहापूरकर:
गेल्या आठवड्यात मला 57 पूर्ण झाली. मुलगा महिनाभर मागे लागला होता, हॉल घेऊ, पन्नास माणसं बोलावू. मी नको म्हटलं. माझं मत सरळ मांडतो, ज्यांना पटत नाही त्यांनीही सरळ लिहावं. वाढदिवस घरच्यांचा असतो, त्याला मांडव लागत नाही.

57 ला माझ्या लेखी मोल आहे. आई तारीख मानायची नाही, तिथीच धरायची. साधारण दर 19 वर्षांनी तारीख आणि तिथी एकत्र येतात. 19 व्या वर्षी मी हॉस्टेलवर होतो, 38 व्या वर्षी आई दवाखान्यात. यंदा आई नाही, खरं दिवस तोच आला.

पहाटे साडेपाचला नळ आले, चार दिवसांनी. बायको घागरी आणि पिंपं भरत होती, मी खिरीच्या दुधापाशी उभा. वरची टाकी वाहू लागली म्हणून गच्चीवर धावलो, तेवढ्यात दोन लिटर दूध करपलं. ते खरवडून काढतोय तोवर गॅस संपला. संध्याकाळी मुलगा कुंदा, आपली बेळगावची मिठाई, घेऊन निघाला तो इथल्या ‘दुसरं रेल्वे गेट’ म्हणतात त्या फाटकात अर्धा तास अडकला. तबक तयार झालं आणि लाइट गेली.

ओवाळायला अंगठी हवी, ती बोटातून निघेना, साबण लावून काढली. सुपारी सापडेना. शेजारच्या अक्का कन्नडच बोलतात, त्यांनी आपल्या पानाच्या डब्यातली सुपारी आणून तबकात ठेवली. निरांजनाच्या तेवढ्या उजेडात बायकोनं ओवाळलं, कापसासारखा म्हातारा हो म्हणून डोक्यावर कापूस ठेवला. अक्का म्हणाल्या, ‘नूर वर्ष बाळप्पा’, म्हणजे शंभर वर्षं जग बाबा. आईनंतर मला असं कुणी म्हटलं नव्हतं. पन्नास माणसांत हे झालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

निपाणीचा:
अगदी बरोबर. आमच्या गल्लीत रात्री 12 ला फटाके वाजतात, रस्त्यात गाडी आडवी लावून बॉनेटवर केक. पोरं तलवारीनं केक कापतात आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा अंगावर घेतात, अशा बातम्या किती वाचायच्या? त्यातल्या कुणाच्या आईनं त्या दिवशी ओवाळलेलं असतं का, हा प्रश्न मला पडतो.

खानापूरची लेक:
काका, मी दोनदा वाचलं. अक्कांची सुपारी वाचून डोळ्यांत पाणी आलं. तरी माझा विरोध आहे.

पाणी काकूंनी भरलं. तबक काकूंनी केलं. करपलेलं पातेलं कुणी घासलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. घरच्या घरी झालेला वाढदिवस तुमचा होता, काकूंसाठी तो कामाचाच दिवस होता. काकूंचा वाढदिवस कधी असतो?

माझ्या आईची शाळेतली जन्मतारीख 1 जून. आपल्या भागात त्या पिढीत किती जणांची तीच आहे बघा. बाळंतपण घरी व्हायचं, जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 मध्ये झाला तरी खेड्यातून नोंदीला जायचं कोण? शाळेत घालताना मास्तर अंदाजानं वय धरून 1 जून लिहायचे. शाळा उघडायची गडबड, पेरणीची घाई, त्यात आईला कोण ओवाळणार? साधेपणानं करायचं म्हणता म्हणता तिचा वाढदिवस कधी झालाच नाही.

तिला 60 झाली तेव्हा आम्ही तिघी बहिणींनी मिळून हॉल घेतला. जांबोटीकडची माहेरची माणसं टेम्पोनं आली. पाऊस इतका की मांडवातून पाणी गळत होतं, भाताचं पातेलं आम्ही दोनदा हलवलं. पण आई खुर्चीवर बसली होती आणि माणसं तिच्याकडे चालत येत होती. आईला वाढणारी आम्ही नेहमीच बघितली होती. बसलेली आई आम्ही त्या दिवशी बघितली. मला तो खर्च वायफळ वाटत नाही, कधीच वाटणार नाही.

वडगाव, मागाचं घर:
ताई, तुमच्या आईचं पटलं. पण एकानं हॉल घेतला की भाऊबंदांत दुसऱ्याला घ्यावा लागतो. मी स्वतः थोरल्या पोराच्या पहिल्या वाढदिवसाला हातउसने पैसे घेतले, कारण चुलतभावानं केला होता. त्या वर्षी सुताचा भाव चढला, साड्या पडून राहिल्या, दीड वर्ष फेडत होतो. पोराला त्यातलं काही आठवत नाही. धाकटीच्या वेळी घरातच गोडाचा शिरा केला, शेजारची चार पोरं बोलावली. घरातल्या माणसाला ही चिंता रात्री झोपू देत नाही, हेही लिहायला हवं होतं म्हणून लिहिलं.

खानापूरची लेक:
दादा, कर्ज काढून करू नका हे मीही म्हणते. आम्ही तिघींनी वर्षभर भिशी लावून केलं. माझं भांडण खर्चाशी नाही. घरात एकाचाच दिवस लक्षात राहतो आणि दुसऱ्याच्या दिवसाला साधेपणाचं नाव मिळतं, त्याच्याशी आहे.

निपाणीचा:
हे मात्र खरं. माझ्या आईचीही तारीख 1 जूनच. आज विचारतो.

शहापूरकर:
लेकी, पातेलं बायकोनंच घासलं. तुझं वाचल्यावर तिचं आधार कार्ड काढून बघितलं. 1 जून. 29 वर्षं संसार झाला, मी तिला खरा दिवस कधी विचारला नव्हता. विचारला तर म्हणाली, ‘मला काय माहीत, आईला असेल.’

सासूबाईंना फोन लावला. त्यांना ऐकू कमी येतं, तीनदा विचारावं लागलं. मग म्हणाल्या, रोप लावण उरकत आली होती, नागपंचमीचा दुसरा दिवस, मलप्रभेला पाणी चढलेलं म्हणून सुईण पलीकडच्या काठावरच राहिली, थोरल्या जावेनं नाळ कापली. सगळं काल घडल्यासारखं सांगितलं. म्हणजे श्रावण शुद्ध षष्ठी. कालनिर्णयावर त्या चौकटीत लाल पेनानं गोल केला.

माझा वाढदिवस माझ्या पद्धतीनंच होईल, त्यात मी बदल करणार नाही. तिचा कसा करायचा ते तिलाच विचारलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग माहेरच्या माणसांची नावं घ्यायला लागली, बोटांवर मोजत. 43 झाली.

श्रावणात पाऊस असतो, नदीकाठची माणसं आणायला गाडी लागेल. तुमच्या आईच्या वेळचा टेम्पोवाला अजून जातो का तिकडं? वरून ताडपत्री टाकून देईल का?