मदत हवी आहे: भडंग आठ दिवसांत सादळतं, पाकिटं परत येतात (राजेंद्रनगर, कोल्हापूर)

मंडळी, वस्तीतल्या चार पोरी आणि दोन पोरं मिळून भडंग विकतात. आठवड्याला २० किलो, २०० ग्रॅमचं पाकीट, छापील किंमत ४०, दुकानाला ३२. चवीची तक्रार नाही. पाऊस लागल्यापासून मात्र माल मऊ पडतोय. ४० दुकानांत दहा-दहा पाकिटं उधारीवर आहेत. सरकारच्या मुद्रा योजनेचं ५० हजार कर्ज काढून मोठं मशीन घ्यावं का?

चुलवण: ताई, मशीन आत्ता नको. ओलावा कढईतून येतोय. एक किलो चिरमुऱ्याला पाव किलो शेंगदाणे, २०० मिली तेल, १०० ग्रॅम लसूण पुरे. लसूण सालासकट ठेचून तळता ना? तो वरून लाल होतो, आत ओला राहतो. गार झाल्यावर बोटांत चुरगाळा: कडकन मोडला तर ठीक, दबला तर परत कढईत. कढीपत्ता धुऊन रात्रभर फडक्यावर वाळवा. कांदा-लसूण चटणी घालत असाल तर बंद करा, त्या कांद्यात पाणी असतं. कोरडी मिरचीपूड वापरा. पावसात चिरमुरे पोत्यातच सादळलेले येतात, म्हणून मंद आचेवर भाजून घ्या. मीठ आणि पिठीसाखर हवेतला दमटपणा ओढतात, ती गॅस बंद केल्यावरच.

धागाकर्ती: पाकीट साधं पारदर्शक आहे, तोंड मेणबत्तीवर चिकटवतो.

चुलवण: मग निम्मा घोळ तिथंच आहे. पातळ पिशवीतून दमट हवा आत शिरते, आणि मेणबत्तीनं तोंड सलग बंद होत नाही. चंदेरी लॅमिनेटचं पाऊच आणि हातानं दाबायचा सीलर घ्या. तोंडाला मसाला लागला तर सील धरत नाही; फनेलनं भरा, कोरड्या कापडानं पुसा. बंद पाकीट पाण्याखाली दाबून बघा, बुडबुडा आला तर ते वेगळं काढा. गरम माल भरला तर वाफेचं पाणी आत राहतं, रात्रभर उघडा ठेवला तरी सादळतो. परातीत पातळ पसरा, पूर्ण गार झाला की लगेच भरा.

हिशेबवही: २० किलो म्हणजे आठवड्याला १०० पाकिटं. दुकानांत पडलीत ४००. चार आठवड्यांचा माल, तोही आठ दिवस टिकणारा! १२,८०० रुपये अडकलेत, आणि परत येणाऱ्या पाकिटांचे तर मिळणारच नाहीत. रोख देणारी दहा दुकानं धरा, दर आठवड्याला दहा-दहाच पाकिटं टाका, उरलेली उचलून नवी ठेवा. शिशु मुद्राला, म्हणजे ५० हजारांपर्यंतच्या मुद्रा कर्जाला, तारण लागत नाही, पण हप्ता पोरांनाच भरायचाय. सीलर आणि पाऊच यांच्यापुरतीच रक्कम घ्या.

पाकिटावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी क्रमांक, वजन, बॅच, तारीख आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह हवं. घटकांत शेंगदाणा ठळक लिहा, काहींना त्याची अॅलर्जी असते.

चुलवण: आणि मुदत अंदाजानं छापू नका. नव्या पद्धतीची दहा पाकिटं घरातल्या दमट कोपऱ्यात ठेवा, दर तिसऱ्या दिवशी एक फोडा. शेंगदाणा खवट लागतोय का, चिरमुरा वाजतोय का, ते तारखेसह वहीत लिहा. १८ व्या दिवशी मऊ पडलं तर १२ दिवसांची मुदत छापा.