मदत हवी आहे: टर्बोच्या छोट्या कूलंट पंपाला गळती
मंडळी, गाडी टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), ८ वर्षं जुनी. पंधरा दिवसांत कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी 'मिन'च्या खाली जातेय. काल टॉर्च मारून पाहिलं. इंजिन बंद केल्यावरही टर्बोतून कूलंट फिरवत ठेवणारा तो छोटा इलेक्ट्रिक पंप असतो ना, त्याच्या सांध्यावर गुलाबी खरपुडी धरलीय, खालून ओला.

मेकॅनिक म्हणतो, पंप बदलायला सगळं कूलंट काढावं लागेल. मला वाटतं, पंपाचे दोन्ही होज (रबरी पाईप) चिमट्याने दाबले तर थोडक्यात भागेल. कुणी घरी केलंय का? नंतर कूलंटमध्ये अडकलेली हवा कशी काढलीत? हीटर फुल ठेवून इंजिन चालवलं तर पुरतं, की व्हॅक्यूमनेच (आधी आतली हवा ओढून घेऊन) कूलंट भरावं लागतं? होज आवळणारे जुने क्लॅम्प चालतील? पुढच्या आठवड्यात आंबा घाट चढायचाय हो!